चोवीस रकान्यांची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी व्यापारी माणूस आपल्या वहीची पूजा करतो. तिच्यावर हळदकुंकू वाहतो, पहिल्या पानावर स्वस्तिक काढतो आणि गेल्या वर्षाचे येणे-देणे मनातल्या मनात चाळीत नव्या खात्याला हात जोडतो. आमच्या घराण्यात व्यापार कोणी केला नाही. वडील शाळामास्तर होते. मी बँकेत कारकून म्हणून चिकटलो आणि छत्तीस वर्षांनी हेड कॅशियर म्हणून निवृत्त झालो. दुसऱ्यांच्या पैशांच्या वह्या जन्मभर लिहिल्या, पण जिची पूजा करावी अशी स्वतःची वही कधी नव्हती. यंदा मात्र आमच्या देव्हाऱ्यासमोर, लाह्या-बत्ताशांच्या शेजारी, एक दोनशे पानी वही मांडली जाणार आहे. तिच्यात एका पैशाचाही व्यवहार नाही. ती माझ्या वाचनाची वही आहे, आणि तिने मला यंदा माझ्याच घरातली एक जुनी बाकी काढून दाखवली आहे.

गोष्ट सुरू झाली ती गेल्या डिसेंबरात. नात पुण्याला कॉलेजात शिकते. नाताळच्या सुट्टीत ती घरी आली होती. मी नेहमीप्रमाणे खिडकीपाशी आरामखुर्चीत पुस्तक घेऊन बसलो होतो. ती समोर येऊन बसली आणि म्हणाली,

"आजोबा, या वर्षात तुमची किती पुस्तकं वाचून झाली?"

"पुष्कळ झाली."

"पुष्कळ म्हणजे किती?"

आता, ज्या माणसाने छत्तीस वर्षे पै न् पैचा मेळ बसल्याखेरीज संध्याकाळी घरची वाट धरली नाही, त्याने 'पुष्कळ' असे उत्तर द्यावे ही शरमेचीच गोष्ट. मी उठलो, वाचनालयाचे कार्ड काढले आणि त्याच्यावरच्या नोंदींची बेरीज केली. आकडा एकेचाळीस आला. मी तो जरा मोठ्यानेच सांगितला. मला वाटले, पोरगी चकित होईल. तिने कार्ड हातात घेतले आणि नावे वाचायला सुरुवात केली. तेहतीस रहस्यकथा, पाच ऐतिहासिक कादंबऱ्या आणि तीन दिवाळी अंक.

"आजोबा," ती म्हणाली, "ही एकेचाळीस पुस्तकं नाहीत. तुम्ही तीनच पुस्तकं वाचलीत. त्यातलं एक तेहतीस वेळा!"

रहस्यकथांची बाजू घेऊन मी पुष्कळ भांडलो. बाबुराव अर्नाळकरांच्या 'झुंजार' आणि 'काळा पहाड' यांनी मराठी माणसाच्या तीन पिढ्यांना वाचनाची गोडी लावली, हे मी तिला ऐकवले. अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या आहेत हेही सांगितले. ती शांतपणे म्हणाली, "म्हणजे तुम्हाला अजून पंचवीस वर्षं दुसरं काही वाचायला नको!" हिशेब बरोबर होता. वर्षाला चाळीस धरले तर हजाराला पंचवीस वर्षे लागतात. माझे वय बहात्तर. मी गप्प बसलो.

नातीच्या मैत्रिणींमध्ये म्हणे असा परिपाठ आहे, की वर्षारंभी आपण कोणत्या प्रकारची किती पुस्तके वाचणार याचा संकल्प सोडायचा आणि महिन्या-महिन्याला त्याचा झाडा द्यायचा. त्या पोरी तो हिशेब फोनवर ठेवतात. मला फोनवरचा हिशेब खरा वाटत नाही. म्हणून मी वाण्याकडून दोनशे पानी वही आणली, पट्टीने रेघा मारल्या आणि तिने सांगितले तसे चोवीस रकाने पाडले. महिन्याला दोन, म्हणजे काही फार नव्हते. एक रकाना कवितेचा, एक नाटकाचा, एक विज्ञानाचा, एक निसर्गाचा. एक प्रवासवर्णन. शंभर वर्षांपूर्वीचे एक पुस्तक. दुसऱ्या भारतीय भाषेतून मराठीत आलेले एक. आपल्या वाट्याला कधी आले नाही अशा आयुष्याचे एक आत्मकथन. घरात पडून असलेले पण न उघडलेले एक. लहान मुलांचे एक. जे वाचायची भीती वाटते असे एक. रहस्यकथेलाही तिने उदार मनाने एक रकाना दिला होता. फक्त एक! आणि सतरावा रकाना होता, 'घरातल्या दुसऱ्या माणसाने निवडलेले पुस्तक.'

नियमही होते. अर्धवट सोडलेले पुस्तक धरायचे नाही. एक पुस्तक दोन रकान्यांत दाखवायचे नाही. त्याला बँकेच्या भाषेत काय म्हणतात ते मी तिला सांगितले नाही. दिवाळी अंकाला पुस्तक म्हणायचे की नाही, यावर मात्र आमचा बराच खल झाला. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शंभरावर वर्षे मराठी माणूस फराळाबरोबर अंक वाचीत आला आहे, त्याला हिशेबाबाहेर ठेवणे अधर्म होईल, असे माझे म्हणणे. शेवटी दोन अंकांचे एक पुस्तक, असा तह झाला.

जानेवारी मोठ्या थाटात गेला. जुन्या पुस्तकाच्या रकान्यात विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' घेतला. वरसईचा हा गरीब भिक्षुक १८५७ साली चार पैसे दक्षिणा मिळावी म्हणून उत्तरेकडे निघाला आणि नेमका बंडाच्या आगीत सापडला. झाशीला वेढा पडला तेव्हा तो झाशीत होता. हे पुस्तक छापून निघाले १९०७ साली. मी त्याचे नाव शाळेपासून ऐकत होतो, पण ते कधी हाती धरले नव्हते. रात्री दोन वाजेपर्यंत वाचीत बसलो, आणि मनात म्हटले, तेहतीस रहस्यकथांत मिळून जेवढा जीव टांगणीला लागला नव्हता, तेवढा या एका भटजीने टांगला.

मग ध्यानात आले, की आजवर वाचनालयात शिरताच माझे पाय आपोआप डावीकडच्या तिसऱ्या कपाटाकडे वळत असत. घाण्याच्या बैलासारखी माझी वाट ठरलेली होती. वहीतल्या रकान्यांनी मला त्या वाटेवरून ओढून बाहेर काढले. विज्ञानाच्या रकान्यासाठी जयंत नारळीकरांचे १९७९ चे 'यक्षांची देणगी' आणले आणि विज्ञान म्हणजे कपाळाला आठ्या, हा माझा समज पुसला गेला. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली निघाले. म्हणजे मी नोकरीला लागलो त्याच सुमारास. तेव्हापासून ते कुठल्या ना कुठल्या कपाटात माझ्या डोळ्यांसमोर होते. मी त्याच्या कण्याला बोट लावून पुढे जात असे. यंदा ते वाचले. मी ज्या मुंबईत लोकलने रोज जात-येत होतो, त्याच मुंबईतला कावाखाना मला पुस्तकातून पाहावा लागला. माझ्या वहीत शेवटी एक 'शेरा' म्हणून रकाना आहे. तोवर मी त्यात 'उत्तम', 'बरे', 'भाषा सुबोध' असे लिहीत आलो होतो. 'बलुतं'पुढे काय लिहावे ते सुचेना. ती जागा अजून कोरी आहे.

पण माणसाच्या हाती मोजपट्टी आली, की तो कापड सोडून मोजपट्टीकडेच पाहू लागतो. माझेही तसेच झाले. कवितेच्या रकान्यासाठी 'बहिणाबाईंची गाणी' आणली. स्वतः निरक्षर असलेल्या त्या माउलीच्या ओव्या लेकाने, सोपानदेवांनी, उतरवून घेतल्या. त्या आचार्य अत्र्यांच्या पाहण्यात आल्या आणि १९५२ साली, बहिणाबाई गेल्यानंतर, त्यांचे पुस्तक झाले. असे हे पुस्तक मी एका दुपारी दीड तासात संपवले, वहीत खूण केली, शेरा लिहिला 'उत्तम' आणि पुढच्या रकान्याकडे वळलो.

"एवढ्यात झालं?" सौ.ने विचारले.

"झालं की."

तिने ते पुस्तक उचलले आणि स्वयंपाकघरात फळीवर, डब्यांच्या शेजारी ठेवले. पुढचे आठ-दहा दिवस ते तिथेच होते. कुकरची शिट्टी होईपर्यंत एक पान, दूध तापेपर्यंत एक पान, असे तिचे चालले असावे. एके सकाळी मी पिशवी घेऊन उभा राहिलो आणि म्हटले, "तारीख भरत आली. पुस्तक दे, बदलून आणतो." तिने हात पुसले, पुस्तक दिले आणि काही बोलली नाही. धनादेशावरची सही जुळते की नाही हे मी छत्तीस वर्षे भिंग लावून पाहत आलो. पण समोरच्या माणसाचे गप्प होणे काही माझ्या नजरेला आले नाही.

निसर्गाच्या रकान्याने मात्र माझी चांगलीच पंचाईत केली. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' हे १९५६ चे पुस्तक बारा महिन्यांचे आहे आणि चैत्रापासून सुरू होते. ज्या महिन्याचे प्रकरण त्याच महिन्यात वाचायचे, असे मी पाडव्याला ठरवले. त्यामुळे श्रावण श्रावणात वाचला आणि आता भाद्रपदात भाद्रपद वाचतो आहे. पुस्तक संपेल ते फाल्गुनात, आणि नातीचे वर्ष तर ३१ डिसेंबरला मिटणार! तिच्या हिशेबाने हा रकाना रिकामाच राहील. मी तिला म्हटले, "तुझं वर्ष इंग्रजी, दुर्गाबाईंचं वर्ष मराठी. त्याला मी काय करू?"

अनुवादाच्या रकान्यात भैरप्पांचे 'पर्व' घेतले. कन्नडातली ही महाभारतावरची भली थोरली कादंबरी उमा कुलकर्णींनी मराठीत आणली आहे. त्यांचे पती विरूपाक्ष कन्नड पुस्तक वाचून दाखवीत आणि उमाबाई ते ऐकून मराठीत उतरवीत, असा त्या घराचा रिवाज. हे वाचून मला मोठे नवल वाटले. नवऱ्याने वाचावे, बायकोने ऐकावे आणि त्यातून एका भाषेची संपत्ती दुसऱ्या भाषेत यावी! ते नवल मी सौ.ला सांगितलेही. ती म्हणाली, "असतात अशीही माणसं." यातही मला काही वावगे वाटले नाही.

'पर्व'ने माझा सगळा मे आणि अर्धा जून खाल्ला, आणि वहीत खूण झाली एकच! 'बहिणाबाईं'ना दीड तासात एक खूण, 'पर्व'ला दीड महिन्यात एक खूण. जूनअखेर ताळा करून पाहिला, तर बारा व्हायला हवी होती तिथे नऊच झाली होती. तीन रकान्यांची तूट! मग मी तुटीतल्या माणसासारखाच वागू लागलो. वाचनालयात गेलो, की पुस्तकाचे नाव पाहण्याआधी कण्याची जाडी पाहू लागलो. दोन बोटांपेक्षा जाड असले, की परत फळीवर. एक दिवस टेबलामागची मुलगी म्हणाली, "काका, पातळ हवंय का? ते तिकडे ठेवलंय." मी पालेभाजीच्या जुड्या चाचपणाऱ्या गिऱ्हाइकासारखा ओशाळलो, पण गेलो तिकडेच.

अशा वेळी माझी नजर सतराव्या रकान्यावर पडली. म्हटले, सौ.ला विचारावे. ती सांगून सांगून काय सांगणार? एखादे व्रतकथेचे, नाहीतर पाककृतीचे. दोन दिवसांत खूण होईल.

आषाढ सरत आला होता. चातुर्मासात लक्ष वाती वळायचा तिचा नेम आहे. ती कापसाच्या पेळूतून वाती वळीत बसली होती. शंभर झाल्या की एक जुडी, दहा जुड्या झाल्या की कॅलेंडरवर एक रेघ. तिचीही मोजणी चालूच होती. ती लाखाची आणि माझी चोवीसाची, एवढाच फरक.

"तुझ्या पसंतीचं एक पुस्तक सांग," मी म्हटले. "सतराव्या रकान्यात घालायचं आहे."

तिने मान वर न करता सांगितले, "हरिभाऊ आपट्यांचं 'पण लक्षात कोण घेतो!'"

मला त्या कादंबरीची जाडी आठवली. दोन बोटांत मावणारी नव्हे. "अगं, एखादं लहानसं सांग की. मी आधीच तीन रकाने मागे आहे."

"निवडायचं मी ना? मग तेच."

"इतकं आवडलं होतं तुला?"

"अर्धं आवडलं होतं," ती म्हणाली. "उरलेलं तुम्ही परत केलंत."

मी चटकन हसलो. पण ती हसली नाही, तेव्हा मलाही हसणे आवरावे लागले.

हळूहळू सगळे आठवले. १९८७ साल. ब्लॉकचे हप्ते नुकतेच सुरू झाले होते, मुलगा दुसरीत होता. आमच्या घरी वाचनालयाची दोन पुस्तकांची वर्गणी होती. एक माझ्यासाठी, एक तिच्यासाठी. खर्चाला कात्री लावायची म्हणून एका रविवारी मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि दोन पुस्तकांची वर्गणी एका पुस्तकावर आणली. महिन्याला चार रुपये वाचले. ऑफिसातला माझा चारचा चहा आणि त्याच्याबरोबरची भजी मात्र त्या कात्रीतून सुटली. त्यानंतर कार्ड एक, पुस्तक एक, आणि ते बदलायला जाणारा मी. ती कादंबरी म्हणजे तिच्या कार्डावर आलेले शेवटचे पुस्तक. दुपारची भांडी आवरून मुलगा शाळेतून येईपर्यंत जो तास-दीड तास मिळे, त्यात ती वाचीत होती. तारीख भरली. उशिराला दिवसाला दहा पैसे दंड होता. मी पुस्तक उचलले आणि परत करून आलो. कार्डही त्याच दिवशी परत केले.

"पण नंतर कधीही आणता आलं असतं की," मी म्हटले. "दंडाला भिऊन परत केलं असेन. पण पुढे इतकी वर्षं..."

"आणता आलं असतं," ती म्हणाली. तिची वात वळून झाली. "पुस्तक बदलायला निघताना तुम्ही विचारायचात, येताना भाजी कोणती आणू? पुस्तक कोणतं आणू, असं कधी विचारलं नाहीत. मीही सांगितलं नाही. मग राहूनच गेलं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. रागावली असती तर मला बरे वाटले असते. रागाला उत्तर देता येते. मी आयुष्यभर लोकांच्या थकलेल्या बाक्यांवर लाल शाईने खुणा केल्या, आणि माझ्या घरात एक बाकी पस्तीसहून अधिक वर्षे थकून होती. तिच्यावर कोणी व्याज लावले नव्हते की तगादा केला नव्हता.

हरिभाऊंची ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक' या त्यांच्याच साप्ताहिकातून क्रमाक्रमाने येत होती. पुढचा अंक येईपर्यंत यमूचे काय झाले असेल, म्हणून त्या वेळच्या वाचकांचा जीव थाऱ्यावर नसेल. पण त्यांची प्रतीक्षा आठवड्याची. आमच्या घरी मात्र 'पुढील अंकी चालू' म्हणून जे पान मिटले, ते मिटलेच.

दुसऱ्या दिवशी मी कादंबरी आणली. म्हटले, "तू वाच. वाती राहू देत."

"वाती कशा राहतील? नेम आहे. तुम्ही वाचा, मी ऐकते."

"कुठून वाचू? राहिलं होतं तिथून?"

"पहिल्यापासून."

श्रावणाच्या पहिल्या सोमवारी दुपारी मी वाचायला बसलो. मोठ्याने वाचायची मला सवय नव्हती. पहिल्या दिवशी अर्ध्या तासात घसा बसला. शिवाय मी भरभर वाचीत होतो. ती म्हणाली, "गाडी गाठायची आहे का?" तेव्हा वेग आवरला. मोठ्याने वाचताना एक गोष्ट होते. डोळ्यांनी वाचताना मी ओळीच्या ओळी गाळतो, हे मला तेव्हा कळले. जिभेला काही गाळता येत नाही. समोर ऐकणारे माणूस असले तर मुळीच नाही. दिवसाला एक प्रकरण, फार तर दोन. वहीतली तूट वाढतच चालली होती. तिच्याकडे मी पाहणे सोडून दिले.

यमू लग्न होऊन सासरी गेली. तिथला जाच झाला. मग ती मुंबईला नवऱ्याकडे राहायला आली. रघुनाथराव भला माणूस. बायकोने शिकावे, वाचावे, चार माणसांत बोलावे, अशी हौस असलेला. त्या दिवसांच्या वर्णनात एके ठिकाणी सौ.चा हात थांबला.

"इथे होते मी," ती म्हणाली.

मी बोट ठेवून थांबलो. पुढचे काय ते मला ठाऊक होते. चोरून मी पुढची पाने चाळली होती. मनात आले, १९८७ पासून आमच्या घरात यमू सुखी आहे. रघुनाथराव जिवंत आहेत, दिवा लावून बायकोला शिकवीत आहेत. मी पुस्तक परत केले म्हणून का होईना, तो संसार टिकून राहिला. आता पान उलटले की तो मोडणार.

"पुढे फार वाईट आहे," मी म्हटले. "वाचू ना?"

"अहो, शेवट मला ठाऊक आहे. यमू आपली गोष्ट सांगते, ती सगळं होऊन गेल्यावर सांगते. ते का लपून राहतं? पुढे काय झालं ते कळायला नाही वाचायचं मला. तिला बोलताना अर्ध्यात सोडून उठून आले, असं वाटत राहिलं होतं. तिचं सगळं ऐकून घ्यायचं आहे."

मी पुढे वाचू लागलो. रघुनाथराव गेले. शंकरमामंजींनी त्या पोरीचे केशवपन करवले, त्या जागी आलो तेव्हा माझा आवाज लागेना. दोनदा खाकरलो, पाणी प्यायलो, तरी लागेना. सौ.ने हातातला कापूस खाली ठेवला, चष्मा चढवला, पुस्तक माझ्या हातून घेतले आणि ते प्रकरण तिने मला वाचून दाखवले. संथपणे, एकही शब्द न गाळता. त्या दिवशी तिच्या जुडीत एकाही वातीची भर पडली नाही.

गणपतीच्या आदल्या आठवड्यात कादंबरी संपली. मी वही काढली, सतराव्या रकान्यात नाव लिहिले, तारीख लिहिली आणि विचारले, "शेरा काय लिहू?"

ती म्हणाली, "लिहा, परत करण्यापूर्वी पूर्ण वाचले."

तसेच लिहिले आहे.

नातीला फोन केला. ऐकलेले पुस्तक धरायचे की नाही, हा तांत्रिक प्रश्न होता. तिने सगळी हकिकत ऐकून घेतली आणि निवाडा दिला, की वाचून दाखवलेले पुस्तक दोघांचेही धरायचे. मग थोडा वेळ ती काही बोलली नाही. "आजोबा," ती म्हणाली, "आजीची वही कुठे आहे? डिसेंबरात मी तुम्हाला विचारलं. आजी तिथेच बसली होती. तिला मी विचारलंच नाही." म्हणजे चुकीचा वारसा घरात पुढच्या पिढीपर्यंत पोहोचला होता. एवढेच, की तिला ती चूक आठ-नऊ महिन्यांत कळली. मला कळायला जन्म गेला.

सौ.ला मी विचारले, की तुझे वाचन किती झाले असेल? तिने वाती बाजूला सारून बोटांवर मोजले. वाण्याच्या पुड्यांचे कागद, मुलाची क्रमिक पुस्तके पहिलीपासून दहावीपर्यंत, शेजारणीकडचे अंक, माझ्या रहस्यकथांची शेवटची दोन पाने.

"शेवटची दोनच का?"

"तारीख भरलेली असायची ना! खुनी कोण तेवढं बघून घ्यायची."

दुसऱ्या दिवशी मी वाचनालयात गेलो आणि म्हटले, वर्गणी दोन पुस्तकांची करायची आहे. टेबलामागच्या मुलीने अर्ज पुढे केला. "दोन्ही तुमच्याच नावावर ना, काका?" मी म्हटले, "नाही. दुसरे स्वतंत्र कार्ड, स्वतंत्र नावावर." नावाच्या जागी सौ.चे नाव लिहिताना मला सही करायला शिकणाऱ्या पोरासारखे सावकाश लिहावेसे वाटले. अनामत भरली, पावती घेतली. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी पावत्या पुष्कळ फाडल्या. ही एक मात्र वहीत चिकटवून ठेवली आहे.

कार्ड तिच्या हाती दिले तेव्हा ती म्हणाली, "इतकी वर्षं गेली, आता काय करायचंय?" पण संध्याकाळी ठेवणीतली साडी नेसून, पिशवी घेऊन ती दारात उभी होती. वाचनालयात गेल्यावर मी दिवाळी अंकांच्या योजनेची चौकशी करीत थांबलो आणि ती कपाटांकडे गेली. माझी समजूत, की आता ही हरिभाऊंची दुसरी एखादी कादंबरी आणणार, नाहीतर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. चांगला अर्धा तास लावून ती परत आली. डावीकडच्या तिसऱ्या कपाटातून तिने एक रहस्यकथा उचलली होती.

"हे काय?" मी म्हटले.

"खुनी कोण ते पुष्कळ झालं," ती म्हणाली. "आता खून कसा होतो ते पहिल्या पानापासून बघते."

हे लिहितो आहे तेव्हा गणपती उठले आहेत आणि माझ्या चोवीस रकान्यांपैकी पंधरा भरले आहेत. डिसेंबरअखेर सगळे भरतील असे लक्षण नाही. दुर्गाबाईंचा रकाना तर फाल्गुनापर्यंत उघडाच राहणार. हिशेबनीसाच्या नजरेने पाहिले तर वही तुटीत आहे. पण तिच्या शेजारी आता आणखी एक वही आली आहे. तिच्यात रकाने पाडायला सौ.ने साफ नकार दिला. "मला नकोत तुमच्या रेघा," ती म्हणाली. नुसती नावे लिहिते, एकाखाली एक. सात झाली आहेत. आठवे अर्धे झाले आहे.

लक्ष्मीपूजनाला दोन्ही वह्या शेजारी शेजारी मांडायच्या आहेत आणि यंदाच्या लक्ष वातींतल्या दोन त्यांच्यापुढे लावायच्या आहेत. दिवाळी अंकांची पहिली खेप घरी येईल, तेव्हा त्यात हा अंकही असेल. तो आधी कोणाच्या कार्डावर घ्यायचा, यावर आमच्यात वाद व्हायचे कारण नाही. तारीख भरत आली, की मी विचारीन, "झाला का वाचून?" आणि झाला नसेल, तर दंड भरीन.